विठूकाकांनी मेन बंद केला

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे, असं म्हणायला माझं वय तरी कुठे झालंय? तीनच पावसाळे काढलेत. पण आमच्या धंद्यात तेवढ्यात यंत्र म्हातारं ठरतं, काय करणार! इलेक्ट्रिक गाड्या झटपट चार्ज करणं हे माझं काम. रत्नागिरीजवळ महामार्गाला लागून सगुणाकाकूंची खानावळ आहे, तिच्या अंगणात मी उभा असतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात जाडजूड तारा, पाठीला पंखे आणि एकदम दोन गाड्या चार्ज करण्याची ताकद. त्या ताकदीचा मला फार तोरा होता. आजही आहे, लपवत नाही.

मला इथे आणलं ते काकूंच्या अडचणीपायी. महामार्ग रुंद झाला आणि गाड्या खानावळीसमोरून सुसाट जाऊ लागल्या. थांबणाराच नसेल तर वाढायचं कुणाला? खानावळ टिकवायची तर लोकांना थांबायला काहीतरी कारण हवं, म्हणून काकूंनी मला जागा दिली आणि वीजजोडणी स्वतःच्या नावावर घेतली. विठूकाका म्हणजे त्यांचे यजमान, मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले. मला बघून ते म्हणाले, "अगो, ह्या खोक्याला कोन इचारतो?"

खोक्याने त्याच गणपतीत दाखवून दिलं! चाकरमानी गावी निघाले आणि अंगणात गाड्यांची रांग लागली. गाडी चार्ज होईपर्यंत माणसं जेवायची. काकूंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. विठूकाका तर स्वतःच्या पंच्याने माझी धूळ पुसायचे.

पण गणपती काही बारा महिने नसतात. पावसाळ्यात दिवसचे दिवस अंगणात कुणी फिरकत नसे, तरी वीजबिल यायचंच. माझी ताकद मोठी, म्हणून माझ्यासाठी वीजही मोठी राखून ठेवलेली. तिचा स्थिर आकार गाडी येवो न येवो, भरावाच लागतो. गोची झाली ती इथेच.

यंदा आषाढात विठूकाकांनी आपल्या डोक्याने उपाय काढला. आमच्याकडे घराला कुलूप लावून मुंबईला जाताना आधी मेन बंद करतात. काकांनी जन्मभर तेच केलेलं. "उगाच जळतोय मेला," असं म्हणून त्यांनी माझाही मेन बंद केला नि पडवीत जाऊन बसले. गाडी आली की चालू करू, एवढा साधा हिशेब. काकूंना सांगितलं नाही. माझा पडदा काळा बघून काकूंना वाटलं, गाडी नाही म्हणून झोपला असेल!

बिल जेमतेम उतरलं. पण मोबाइलच्या नकाशावर माझ्या नावापुढे 'बंद' आलं. पुढे नवं मोठं चार्जिंग स्टेशन झालंय, तिथे चार्जरची ही रांग. ज्या चार गाड्या माझ्याकडे वळायच्या, त्याही तिकडे गेल्या. श्रावणात काकूंनी हात टेकले. चार्जर घेऊन जा आणि मग खानावळही मिटवते, असा निरोप त्यांनी मला बसवणाऱ्या कंपनीला धाडला.

कंपनीचा हर्षद आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, मशीन नेतो, पण मेन का बंद ठेवलात? लोक चिपळूणलाच मोबाइल बघून ठरवतात कुठे थांबायचं ते. तुमचा चार्जर कधीपासून बंद दिसतोय."

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"मीच केला," काका खाली बघत म्हणाले. "तुझं बिल कमी करायला गेलो गो."

"अवो, येवढं तरी सांगायचंत!" काकूंचा आवाज फाटला. "मी रोज भात कमी कमी टाकत गेले. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली!"

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. इतके दिवस कुणी जेवायला येत नाही याचा दोष ती बाई स्वतःला देत होती.

मग हर्षदने मार्ग सांगितला. मंजूर भार, म्हणजे माझ्यासाठी राखून ठेवलेली वीज, निम्म्यावर आणायचा. स्थिर आकार उतरेल, पण मी एका वेळी एकच गाडी घेणार आणि तीही हळू. "वेळ लागेल हं, काकू," तो म्हणाला.

"लागू दे. जेवून पडवीत जरा पडतील," काकू म्हणाल्या.

माझी निम्मी ताकद काढून घेतली! अपमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण खानावळ मिटवायची गोष्ट त्यानंतर काकूंच्या तोंडून निघाली नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी विठूकाका भर पावसात छत्री घेऊन रस्त्याला उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून ओरडत होते, "चालू हाय! या, चालू हाय! भातपन गरम हाय!" पेट्रोलच्या गाड्यांनाही! एक गाडी वळली, मग दुसरी. काकूंनी मोठं टोप चुलीवर चढवलं.

मित्रांनो, यंत्राला त्याच्या कामापुरतीच वीज द्या, उगाच जास्त नको. पण त्याला मुकाट बंद करून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आणि घरच्या माणसासाठी काही करायला जाल, तेव्हा आधी त्याला सांगा. नाहीतर ते बिचारं भात कमी टाकत बसतं.