बॉनेटवरचे चरे

"दादा, ह्यांची गाडी धुतोस ना?" धाकट्या बहिणीच्या या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिने त्याची गाडी माझ्या हवाली केली होती आणि मी कोरड्या फडक्याने पुसून बॉनेटभर चरे पाडले होते. वर साचलेली धूळ मला सोयीची वाटायची.

"पाणी नाही ही सबब आता पुरे," म्हणत बायकोने पाणी न ओतता गाडी धुण्याचा शाम्पू आणला. अर्ध्या बादली पाण्यात टोपणभर घालून मी ओलं मऊ फडकं सरळ फिरवलं, दर वेळी घडी पालटली. धूळ गेली आणि चरे उन्हात लख्ख दिसले. मी घरात शिरलो आणि टेबलाचा खण उपसू लागलो.

"अहो, पेन शोधताय की पळवाट?" बायकोने विचारलं.

"गाडी स्वच्छ आहे. चरे मी पाडले," एवढंच बहिणीला लिहिलं आणि पत्र टपालपेटीत टाकलं.