मोराच्या डोळ्याचा पुठ्ठा लियाँला निघतो

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. हसू नका! चपलांच्या खोक्याचा असतो, तसला पुठ्ठा मी नव्हे. दोन वीत लांब, चार बोटं रुंद आणि अंगभर भोकं असलेला मी सोलापूरच्या जॅकार्ड मागावरचा पुठ्ठा आहे. तुमच्या घरी मोराची एखादी जुनी चादर असेल, तर तिच्यातला मोर आम्हा पुठ्ठ्यांच्याच हुकमाने विणला गेलेला असणार.

आमचं काम सांगतो. एका चादरीच्या नक्षीसाठी आम्हा सहाशे भावंडांना दोरीने ओवून मागाच्या डोक्यावर चढवत. ज्याची पाळी येई, त्याच्या समोर सुया येत. जिथे भोक असेल तिथली सुई आत शिरे आणि तिचा धागा वर उचलला जाई. जिथे भोक नसेल तिथली सुई मुकाट्याने मागे सरे. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. माझ्या ओळीत मोराचा डोळा होता, आणि हे मी आजही मोठ्या तोऱ्यात सांगतो.

मला भोकं पाडली ती चनमल्लप्पांनी. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि लग्न आठ दिवसांवर आलं होतं. हातोडी सोलापुरात आणि मन मैंदर्गीला, नवरीच्या गावी! व्हायचं तेच झालं. माझ्या अंगावर एक भोक जास्तीचं पडलं आणि पहिल्याच चादरीवरच्या मोराला मोतीबिंदू झाल्यासारखा पांढरा ठिपका आला. कारखान्यातले सगळे पोट धरून हसले. असं चुकीचं भोक जाड कागद चिकटवून बुजवतात. चनमल्लप्पांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातून स्वतःची लग्नपत्रिका काढली, तिचा नखाएवढा तुकडा कापला आणि खळ लावून माझ्या पाठीवर डकवला. मोराला दिसू लागलं.

मग अठ्ठावीस वर्षं मी राबलो. दर फेरीला सुई येऊन त्या ठिगळाला टोचायची, पण ठिगळ जागचं हललं नाही. खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची, तेव्हा हळदकुंकवाची बोटं आमच्यावरही उमटायची. गिऱ्हाईक चादर उलगडून म्हणायचं, "मोर बगा, कसा टकामका बघायलाय!" मी वरून ऐकायचो आणि फुगायचो.

पुढे कॉम्प्युटरवरचे माग आले. आमचा माग भंगारात गेला आणि माझी भावंडं आंघोळीच्या बंबात गेली. ते आठवलं की अजूनही गलबलून येतं. चनमल्लप्पांनी मला एकट्याला काखेत मारलं आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर आणलं. तिथे त्यांची नात उत्कर्षा माझ्या भोकांतून पेन्सिलीने चांदण्या काढायची. ती मोठी झाली आणि माझी किंमत संपली. फळीला गंजाचा डाग पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी पार्वतम्मांनी मला ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली घातलं. चनमल्लप्पांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं. जो मागाच्या डोक्यावर बसायचा, त्याच्या डोक्यावर अकरा वर्षं पिठाचा डबा!

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. उत्कर्षा पॅरिसला शिकते. तिने घरच्यांना मे महिन्यात तिकडे बोलावलं होतं. एका संध्याकाळी मोबाइलवर तिचा चेहरा दिसत होता आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते.

"अज्जा, पॅरिस पाहून झालं की तीन दिवस दुसऱ्या एखाद्या गावी जाऊ. कुठे ते तुम्ही ठरवा," ती आजोबांना म्हणाली.

"समुद्र असंल तितं," पार्वतम्मा तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. प्रवासासाठी कडक भाकरी किती दिवस टिकते, याची त्यांची परीक्षा चालली होती. सत्तरी जवळ आली तरी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

त्यांचा मुलगा गुरुशांत लगेच समुद्राकाठची गावं शोधू लागला. एवढ्यात चनमल्लप्पा उठले, डबा सरकवला, मला बाहेर काढलं आणि मोबाइलसमोर धरलं.

"लियाँला जाऊ की," ते चाचरत म्हणाले.

"तिथं काय आहे अप्पा?" गुरुशांतने विचारलं.

"लई जुनं गाव हाय. मागवाल्यांचं. टेकडीवर उंच छताची घरं हायत, माग मावावा म्हनून बांधल्याली. आपला जॅकार्ड माग तितलाच. ह्यो पुठ्ठा त्या गावचाच म्हना की."

मित्रांनो, माझं गाव! मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. पण पार्वतम्मांनी उलथनं खाली ठेवलं.

"जल्मभर मागच बघितला की! लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मला सोडून मागावर गेलाव. कुटं नेलं न्हाय, काय दावलं न्हाय. आता फ्रान्सला जाऊन बी मागच बघायचा? सवत हाय माजी ती!"

मला धरलेला हात मोबाइलसमोरून खाली आला.

"ऱ्हाऊ दे," चनमल्लप्पा हळूच म्हणाले. "समुद्रच बघू." त्या चार शब्दांत त्यांनी लियाँ सोडून दिलं. मला इतकं वाईट भंगारवाला आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

ते मला परत डब्याखाली ठेवायला निघाले. "आना हिकडं, मी ठेवते," म्हणत पार्वतम्मांनी मला घेतलं आणि अंगावरचं पीठ पदराने पुसलं. पुसता पुसता मला उलटं केलं आणि त्यांचं बोट ठिगळावर थांबलं. त्यावर 'पार्व' एवढीच अक्षरं होती, आणि कडेला हळदीचा पिवळा डाग.

"हे काय वो?"

चनमल्लप्पांचे कान लाल झाले. "चूक झालती. भोक बुजवलं."

"माज्या नावानं?"

"माप बरुबर बसलं की."

"पत्रिका लग्नाआदी कापली का नंतर?"

"आदी. आठ दिवस."

गुरुशांत खो खो हसला. "अज्जा!" म्हणून उत्कर्षा तिकडून ओरडली. पार्वतम्मा मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर टेकल्या.

"किती वर्सं चालला ह्यो?"

"अठ्ठावीस."

"म्हंजे अठ्ठावीस वर्सं मी तुमच्या मागावरच हुते," त्या म्हणाल्या, "आन् मलाच ठावं न्हाय."

तव्यावरची भाकरी करपली तरी कोणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइलकडे तोंड केलं. "उत्कर्षा, तितं माग चालताना दावतेत काय गं?"

"हो अज्जी, हातमाग चालवून दाखवतात."

"मग तितंच जाऊ. ह्यांनी जल्मभर काय केलं, ते मी एकदा बी बघितलं न्हाय."

"आन् समुद्र?" चनमल्लप्पांनी विचारलं. मग घाईघाईने पुढे म्हणाले, "तितं दोन नद्या हायत. भरून व्हातेत." चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात ही काही लहानसहान लालूच नाही. पार्वतम्मा तेव्हा कुठे हसल्या.

तिकिटं निघाली आहेत. मला सोबत न्यायचं हे चनमल्लप्पांनी ठरवलं होतं, पण ते मला त्यांच्या पिशवीत ठेवू लागताच पार्वतम्मांनी काढून घेतलं. "तुमी हरवाल," म्हणाल्या. आता मी त्यांच्या बॅगेत इरकल साडीच्या घडीत आहे. खाली शेंगाचटणीचा डबा आहे. यावेळी डबा माझ्या डोक्यावर नाही.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. घरातली जुनी वस्तू रद्दीत टाकण्याआधी तिची पाठ एकदा पाहा, आणि ज्याने ती जपली त्याला विचारा. मला अकरा वर्षं उताणं ठेवलं होतं. ज्या बाजूवर नाव होतं, तीच बाजू खाली होती.