शेवट आधी पाहणारा चरखा

मित्रांनो, मी एक जुना चरखा आहे. पण लगेच हात जोडू नका. सूत कातणारा चरखा वेगळा. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्याला केवढा मान आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. मी सिनेमाची रिळे उलटी गुंडाळणारा चरखा. माझ्यावरून सूत गेले नाही, गोष्टी गेल्या, आणि त्याही शेवटाकडून सुरुवातीकडे.

१९७१ साली वर्ध्याच्या नत्थूजी सुतारांनी मला घडवले. सूतकताईचे चरखे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. सिंदी रेल्वे या गावच्या अण्णाजींनी टॉकीज काढली आणि रिळे गुंडाळायला काहीतरी करून द्या म्हणून ते नत्थूजींकडे आले. नत्थूजींनी सागवानी फळीवर दोन लोखंडी दांडे उभे केले आणि एका दांड्याला मूठ बसवली. मला एकदा गरगर फिरवून ते हसत म्हणाले, "चाल्लं माहं पोरगं शिनेमात!" मी फुलून गेलो. मला वाटले, आता टॉकीजचा हिरो मीच.

टॉकीज म्हणजे कापसाचे जुने गोदाम. एका टोकाला चुना फासलेली भिंत, तोच पडदा. दुसऱ्या टोकाला एक कोंदट खोली. मला तिथे ठेवले तेव्हा खोलीच्या मधोमध आधीच कुणीतरी ऐटीत उभे होते. ते सिनेमाचे मशीन. मुंबईहून पेटीत बसून आलेले, काळेभोर, पोटात उजेड असलेले. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, नारळ, कुंकू. मला काय? ऑपरेटर चंद्रभान माझ्या फळीवर आपला जेवणाचा डबा ठेवायचा.

तेव्हापासून मी जळू लागलो ते जळतच राहिलो. पडद्यावर मारामारी झाली की हॉलमध्ये शिट्ट्या पडत, आणि मला वाटे, या शिट्ट्या त्या काळ्यालाच कशासाठी? मी सरळ गुंडाळून दिले नसते तर याने काय दाखवले असते? सगळी माणसे खाली डोके, वर पाय अशी उलटी लटकली असती! पण हे कुणाच्या गावी नव्हते.

माझे एकच सुख होते, आणि तिचे नाव आनंदाबाई.

आनंदाबाई आधी जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. कापसाची धूळ छातीत बसू लागली म्हणून तिने ते काम सोडले. तिची बोटे फार हुशार. डोळे मिटून बोंडातली सरकी शोधणारी ती बोटे तुटलेली फिल्मही तितक्याच अलगद जोडत. म्हणून चंद्रभानने तिला माझ्यावर बसवले. माझी मूठ दांड्यावर थोडी सैल होती. आनंदाबाई काम सुरू करायच्या आधी कापसाचा एक लहानसा बोळा त्या फटीत दाबून बसवी. मग मी कुरकुर न करता फिरत असे. ही युक्ती तिला आणि मलाच ठाऊक होती.

दर शुक्रवारी सकाळच्या गाडीने नव्या सिनेमाचे डबे येत. आधीच्या गावातले लोक रिळे उलटी गुंडाळण्याचे कष्ट घेत नसत. जशी संपली तशी डब्यात भरून पाठवत. शेवटचे रीळ सगळ्यांत वर, पहिले तळाशी. त्यामुळे आनंदाबाई नववे रीळ आधी घेई आणि पहिले सगळ्यांच्या शेवटी. फिल्म फाटली आहे का ते पाहायला ती पट्टी बल्बसमोर धरी. आधी चितेतला माणूस उठून बसे, मग आजारी पडे, मग तरुण होई, आणि शेवटी पाळण्यात जाऊन निजे. एकाच्या डोळ्यांतले पाणी आधी दिसे. ते का आले हे तिसऱ्या-चौथ्या रिळात कळे.

"थांब बापा," ती मला म्हणे, "हा एवढा रडून राह्यला तं त्याचं काहीतरी कारण असनच. भेटन आपल्याले खाली कुठं." आणि आम्ही दोघे त्या कारणाची वाट पाहत रिळे फिरवत असू. सगळे जग गोष्ट एका बाजूने पाही, आम्ही दुसऱ्या बाजूने. त्या काळ्या मशीनला हे सुख ठाऊक नव्हते. तेवढ्यापुरता मी त्याच्याहून मोठा होतो.

पण आनंदाबाईला मात्र हे सुख वाटत नव्हते. दुपारी ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली तरी तिचे चित्त लागत नसे. पडद्यावर लग्नाची वरात निघाली की सगळ्या बायका खूश आणि ही एकटी डोळ्याला पदर लावी, कारण नवरा सातव्या रिळात मरणार हे तिला सकाळीच कळलेले असे. शेजारच्या बाया विचारत, "काऊन रडून राह्यली वं? लगन तं हाये!"

एकदा ती चंद्रभानला म्हणाली, "भाऊ, इतके वर्सं झाले, मी एकबी शिनेमा पुढून पाह्यला नाई. मले शेवट आधीच ठाऊक रायते. एकडाव तरी मले ठाऊक नसलेला शेवट पाहाचा हाये."

चंद्रभान हसला. मला मात्र ते बोलणे फार लागले. पुढून पाहायचे म्हणजे मला सोडून त्या मशीनकडून पाहायचे! माझ्याकडची गोष्ट तिला पुरत नव्हती तर.

१९७८ सालच्या हिवाळ्यात एक सिनेमा आला. एका गरीब बापाचा मुलगा लहानपणी हरवतो आणि मोठा साहेब होतो, अशी गोष्ट. शेवटी तो म्हातारा साहेबाच्या दारात बसून पोळी मोडतो. मोठा तुकडा साहेबापुढे धरतो, लहान स्वतःला ठेवतो. साहेब त्या हाताकडे बघतो आणि धाय मोकलून रडतो.

अडचण आली ती गाडीची. कापसाच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे तीनचा खेळ बघून सहाच्या पॅसेंजरने परत जात. सिनेमा होता लांब. गाडीची वेळ झाली की अर्धा हॉल शेवट न बघताच उठे. अण्णाजी वैतागले. "एक रीळ काहाडा," त्यांनी चंद्रभानला सांगितले. "चौथं काहाडा. त्याच्यात ना गाणं, ना मारामारी. बाप-लेक नुसते जेवून राह्यले."

चौथे रीळ डब्यातच राहिले. खेळ वेळेत संपला, पण शेवट आला आणि हॉलमध्ये हशा पिकला. "म्हाताऱ्यानं अर्धी पोळी देल्ली तं हा सायेब काऊन रडून राह्यला?" कुणीतरी ओरडले. दुसरा म्हणाला, "त्याले भूक लागली असन!" दुसऱ्या दिवशीही तेच. सिनेमा भिकार आहे अशी गावभर बोंब झाली. अण्णाजी चंद्रभानवर डाफरले आणि चंद्रभानने मशीनवर एक थप्पड मारली.

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. ती थप्पड पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोष कुठे आहे हे मला ठाऊक होते. चौथ्या रिळात तो बाप लहानग्या लेकाला रोज तशीच पोळी मोडून देतो. मोठा तुकडा लेकाला, लहान आपल्याला. शेवटाला लागणारे रडू तिथे साठवलेले होते. पण मला बोलता येत नव्हते, आणि आले असते तरी त्या दिवशी मी बोललो नसतो. होऊ दे त्या काळ्याची फजिती, असेच मला वाटत होते.

बोलली ती आनंदाबाई. अण्णाजी डबे परत पाठवायला निघाले तेव्हा ती आडवी आली.

"अण्णाजी, शिनेमा चांगला हाये. शेवट त्या चौथ्या रिळावर उभा हाये, अन् तुमी तेच काहाडलं."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मी उलटं पाहते न. मले आधी सायेब रडताना दिसला. मंग मी कारण शोधत बसली. आठव्यात नाई, सातव्यात नाई, सहाव्यात तं नाईच नाई, पाचव्यातबी नाई. चौथ्यात भेटलं. चौथं परत लावा अन् सहावं काहाडा."

"सहाव्यात गाणं हाये बाई! लोकं बाकं तोडतीन."

"गाणं गेलं तं चार शिट्ट्या कमी होतीन. चौथं गेलं तं शिनेमाच जाते."

अण्णाजींनी हे पटून ऐकले की कंटाळून, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी सहावे रीळ डब्यात राहिले आणि चौथे लागले. गाणे गेले हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. शेवटी म्हाताऱ्याने पोळी मोडली तेव्हा हॉलमध्ये एकही माणूस खोकला नाही. मग नाके ओढल्याचे आवाज आले. सहाची गाडी सापडली ती डोळे पुसत धावणाऱ्यांना. तो सिनेमा सिंदीत तीन आठवडे चालला, आणि अण्णाजींनी खुशीत येऊन हार घातला तो कुणाला? मशीनला!

आनंदाबाईला त्यांनी विचारले, "तुले काय पाह्यजे?"

ती म्हणाली, "येत्या शुक्रवारचा शिनेमा मले पुढून पाहू द्या. त्या दिवशी रिळं मी गुंडाळणार नाई."

तो शुक्रवार मी जन्मात विसरणार नाही. नवा सिनेमा आला होता. सकाळी माझ्यासमोर आनंदाबाईऐवजी चंद्रभान बसला. त्याला घाई फार, आणि हात जड. कापसाचा बोळा वगैरे त्याला काय माहीत! मी कुरकुरत, हिसके देत आठ रिळे कशीबशी फिरवली. नववे रीळ अगदी वरचे. ते त्याने आधीच बाजूला काढून ठेवले होते, आणि त्याची पाळी आली तेव्हा अण्णाजींनी बाहेरून हाक मारली. तो परत येईपर्यंत तीन वाजत आले. नववे नंतर बघू, असे म्हणून त्याने खेळ सुरू केला.

आनंदाबाई धुवट लुगडे नेसून बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसली होती. भिंतीपलीकडून मला तिचे हसणे ऐकू येत होते. सगळ्यांबरोबर हसत होती, सगळ्यांबरोबर घाबरत होती. सात वर्षांत ती माझ्याजवळ अशी कधी हसली नव्हती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि आठवे रीळ चालू असताना चंद्रभानने नववे माझ्यावर चढवले, तेव्हा मी मूठ सोडून दिली. मूठ सैल होती हे खरे. पण आठ रिळे मी ती धरून ठेवली, तशी नवव्यालाही धरू शकलो असतो. मी धरली नाही.

मूठ त्याच्या हातात आली, फिल्म जमिनीवर सांडली, गुंता झाला. आठवे रीळ संपले, हॉलमध्ये दिवे लागले. शिट्ट्या, आरडाओरड. गाडीची वेळ जवळ येत होती. चंद्रभानने दोनदा प्रयत्न केला, घाम पुसला आणि शेवटी बायकांच्या दाराशी जाऊन त्याने हाक मारली, "आनंदाबाई, या जी! माह्याच्यानं होऊन नाई राह्यलं."

ती आली. दारातूनच तिने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीवरच्या फिल्मकडे. कोपऱ्यातल्या टोपलीतून कापूस घेतला, बोळा केला, मूठ बसवली. मी मनात म्हणालो, आता बल्ब लागेल, आता शेवट हिला आधी दिसेल, आता ही पुन्हा माझी.

चंद्रभानने बल्बच्या बटणाकडे हात नेला. ती म्हणाली, "नोको लावू."

आणि तिने डोळे मिटून घेतले. घट्ट मिटले. बोटांच्या चिमटीतून फिल्मची कड सोडत, फाटले आहे का, जोड सुटला आहे का, हे सरकी चाचपावी तसे चाचपत ती मला फिरवू लागली. संपूर्ण रीळ. बाहेर लोक बाके बडवत होते. चंद्रभान म्हणाला, "पाहून घ्या न बाई, आता काय राह्यलं?" तिने नुसती मान हलवली. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आले होते. कष्टाचे की भीतीचे, मला कळले नाही. तो सबंध शेवट माझ्यावरून गेला आणि तिने त्यातले एक चित्रही पाहिले नाही.

मी मात्र सगळे पाहिले.

रीळ मशीनवर चढले. ती धावत जाऊन जागेवर बसली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून सगळा हॉल एकदम "अरे!" म्हणाला, आणि त्या आवाजात मी तिचा आवाज ओळखला. ना आधी, ना नंतर. सगळ्यांच्या बरोबर.

सात वर्षे मी मशीनचा हेवा केला होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा आनंदाबाईचा हेवा वाटला. तिला जे मिळाले ते मला कधीच मिळणार नव्हते, आणि तेही मी तिच्यापासून हिसकावायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या फळीवरची धूळ पदराने पुसली. "आयक," ती म्हणाली, "तुले पुढून सांगते." आणि मला फिरवत फिरवत तिने ती गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. शेवट मला ठाऊक होता. तरी शेवटाच्या आधी ती थोडी थांबली तेव्हा, का कोण जाणे, मीही फिरायचे विसरलो.

मित्रांनो, त्यालाही आता वर्षे झाली. १९८६ साली गावात व्हिडिओ आला. त्या कॅसेटच्या पोटातच चरखा असतो म्हणे, एक बटण दाबले की ती आपली आपणच उलटी फिरते. ऐकून मी पुन्हा जळलोच. खोड काही जात नाही. टॉकीज बंद झाली. मशीन भंगारात गेले, आणि त्याला ढकलगाडीवर चढवताना मला आनंद झाला नाही, एवढे मात्र सांगतो. मला आनंदाबाई घरी घेऊन आली. मी तिच्या ओसरीवर असतो. संध्याकाळी आळीतली मुले गोष्ट ऐकायला जमतात आणि विचारतात, "आजी, शेवटी काय होते?" ती सांगत नाही.

तुम्हीही कुणाला आधी सांगू नका. आणि कधी या ओसरीवर आलात, तर माझ्या मुठीच्या फटीत कापसाचा एक काळा पडलेला बोळा दिसेल. कचरा समजून तो काढू नका. त्याच्यावरच मी अजून फिरतो.