टेबलाखालची केरसुणी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी केरसुणी आहे, जुनी, झिजून झिजून वीतभर उरलेली. केराची मला किळस नाही, तो तर माझा धंदाच. मला किळस आली ती माणसांची, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्याच आठवड्यात.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती. त्यांची पाती तोडून, वाळवून, दाभणानं चिरून चिंगीनं मला बांधलं. चिंगी तेरा वर्षांची, डोंगरावरच्या वाडीतली. तिची आई भागूबाई केरसुण्या बांधून बाजारात विकायची, पण चिंगीनं एकटीनं बांधलेली मी पहिलीच. माझी मूठ जरा वाकडी झाली होती. भागूबाईनं ओढून पाहिली आणि म्हणाली, "वाकडी असंना, घट हाय!"

साल सदुसष्ट, डिसेंबर महिना. कोयनेकडे भूकंप होऊन घरंच्या घरं पडली होती. मळवलीचा गोरख तेव्हा अकरावीत होता. त्यानं आसपासच्या पोरापोरींना गोळा केलं. "पैसं न्हाईत, पर हात हायेत ना? ज्याला जे येतं त्ये करा. इकू आन् तिकडं धाडू." त्यांच्यातल्या चंपानं चिंध्यांच्या बाहुल्या केल्या, कुणी रुमाल भरले, कुणी कागदी फुलं कातरली. चिंगीला येत होती केरसुणी. आईला म्हणाली, "आये, माज्याबी हातचं कायतरी कोयनंला जाईल." तिला एवढंच हवं होतं, मित्रांनो. दुसरं काही नाही.

रविवारी लोणावळ्यात हवा खायला आलेल्यांची झुंबड. एका महिला मंडळानं बंगल्याच्या आवारात पोरांना टेबल मांडून दिलं होतं. वर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर बाहुल्या आणि फुलं. चिंगीनं मला त्यांच्याशेजारी अलगद ठेवलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या आणि मेलेला उंदीर उचलावा तसं मला दोन बोटांनी उचललं.

"अगं, ही काय टेबलावर मांडायची वस्तू आहे? खाली ठेव, खाली!"

शी! दिवाळीत ह्याच बाया आम्हाला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतात, हात जोडतात. आणि एरवी दोन बोटं!

दिवसभर मी टेबलाखालून नुसते पाय पाहिले. लोक यायचे, बाहुल्यांना "किती गोड!" म्हणायचे, आणि चिक्कीचे कागद, संत्र्यांची सालं, उष्टे वडे तिथंच टाकून जायचे. एका गृहस्थानं मदतीच्या डब्यात रुपया टाकला, आजूबाजूला कुणी पाहिलं का ते पाहिलं आणि माझ्या अंगाशी पानाची पिंक मारली. ही म्हणे दानशूर माणसं! चिंगी वाकून मला पुढं काढायची आणि म्हणायची, "केरसुनी घ्या की, मावशी." कुणी थांबलंसुद्धा नाही.

उन्हं कलली. सगळं विकलं गेलं, मी तेवढी उरले. चिंगी नळावर पाणी प्यायला गेली होती. अध्यक्षीणबाईंनी घाण झालेलं आवार पाहिलं, मला टेबलाखालून ओढलं आणि बंगल्याचा गडी महिपती याच्या हातात दिलं. महिपतीनं सगळं आवार माझ्याकडून झाडून घेतलं. उष्टं, सालं, ओली पिंक, सगळं माझ्या कोऱ्या पात्यांना चिकटलं. चिंगी परत आली तेव्हा झाडून झालं होतं.

"ही काही खपली नाही," बाई तिला म्हणाल्या. "जा घेऊन घरी."

"वापरली की तुमी," चिंगी म्हणाली. "वापरली म्हंजी घेतली. आठ आनं टाका डब्यात."

"आठ आणे? घाणेरडी झालीय ती!"

"व्हय, तुमच्याच घाणीनं."

गोरखनं मदतीचा डबा पुढं धरला. बाईंनी पर्समधून नाणं काढलं आणि चिंगीच्या पायाशी भिरकावलं. "घे, मर!" नाणं मातीत, सालींच्या ढिगाजवळ पडलं.

चिंगीनं महिपतीच्या हातातून मला घेतलं. वाकून तिनं दोन फटके मारले आणि ते नाणं, कागद-सालींसकट, बाईंच्या चपलांपर्यंत झाडत नेलं.

"खाली पडल्यालं मी झाडते, बाई. उचलत न्हाई. ह्ये माजं न्हाई, कोयनंचं हाय."

बाई लालबुंद झाल्या, इकडंतिकडं पाहिलं. मग वाकल्या, नाणं उचललं, पदराला पुसलं आणि डब्यात टाकलं. चिंगीनं मला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी घेतलं, पाचही बोटांनी.

मित्रांनो, मला पाय लागला की तुम्ही चटकन नमस्कार करता. नको मला तो. मदत करायला निघालात तर वस्तू नीट हातात घ्या, बनवणारीला तिचं नाव विचारा, आणि पैसे द्याल तेही हातातच द्या. एवढं जमत नसेल तर घरीच बसा. तुमच्या दानापेक्षा तुमचा केर परवडला.