चौथ्या गिअरची चिठ्ठी

वाघोलीत नगर रस्त्यावरून आत वळलं आणि तीन कॉलेजं नि अकरा बिल्डरांच्या पाट्या ओलांडल्या की एक पत्र्याची शेड लागते. तिथं बुद्धभूषण रामटेके गिअरबॉक्स उघडतात. इंजिनाला हात लावत नाहीत, ब्रेक बघत नाहीत, आणि "जरा एसीचं पण बघा ना" म्हणणाऱ्याकडे असं बघतात की तो मुकाट्यानं काच खाली करून निघून जातो. चौऱ्याऐंशी साली ते भंडाऱ्याहून इथल्या कारखान्यात आले, एकतीस वर्षं गिअरची तपासणी केली आणि निवृत्त झाले. भाषेत अजून थोडा भंडारा शिल्लक आहे, खोच मात्र पुण्याची लागली.

त्यांची एक पद्धत होती. काढलेला प्रत्येक जुना पार्ट ते गिऱ्हाइकाला परत देत आणि त्याला तारेनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधत. तो पार्ट कशानं मेला, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असे. 'तेल न बदलल्यामुळे.' 'क्लचवर पाय ठेवून झोपल्यामुळे.' 'मेहुण्याला शिकवल्यामुळे.' एका नामांकित सर्जनना 'उगाच घाई केल्यामुळे' अशी चिठ्ठी मिळाली, तेव्हापासून ते रस्त्यात दिसले तरी ओळख देत नाहीत. "कारखान्यात माझ्या सहीचा एक खोटा कागद निघाला नाही," रामटेके म्हणत. "आता काय तुमचं तोंड बघून लिहू?"

अशा माणसाकडे केदार सहस्रबुद्धे टेम्पोत घालून ती गाडी घेऊन आला. दोन सीटांची, उघड्या टपाची, एकसष्ट सालची विलायती स्पोर्ट्‌स कार. रंग हिरवा, आणि दुसरा गिअर टाकला की पाट्यावर खडे वाटल्यासारखा आवाज. केदार आयटीत मोठ्या हुद्द्यावर होता, म्हणजे दिवसभर फोनवर असायचा. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून त्याचे वडील उतरले. शनिवार पेठेतले अप्पा सहस्रबुद्धे, वय ब्याऐंशी, डोक्यावर हॅट.

"काका, लेजंड आहे ही गाडी," केदार म्हणाला. "एकोणसत्तर साली अप्पांनी आईला शेजारी बसवून पुणे ते दादर दोन तास पाच मिनिटांत मारलंय. जुन्या घाटातून! पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबमध्ये त्यांचा सत्कार आहे. आणि आयडिया ऐका. तुम्ही काढलेले सगळे पार्ट, तुमच्या चिठ्ठ्यांसकट, मी स्टेजवर काचेच्या पेटीत मांडणार. लोकांना कळू दे, गाडी कोणत्या लेव्हलला पळवली होती ते."

अप्पांनी हॅट काढली आणि परत घातली. "चिठ्ठ्या कशाला? क्लबातल्या लोकांना वाचता येतं, हा तुझा गैरसमज आहे."

गाडी अप्पांनी एकोणसत्तर सालीच कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली होती आणि डॉक्टरांनी विकताना गिअरबॉक्स नवाकोरा बसवून दिला होता. म्हणजे आतली सगळी झीज घरचीच. मीटरची केबल एकाहत्तर साली तुटली, ती जोडण्याची निकड पुढं कुणालाच वाटली नाही. केदारनं लहानपणापासून ती गाडी सारसबागेपर्यंत आणि परत, बैलगाडीला लाज वाटेल अशा वेगानं जाताना पाहिली होती. "मूल गाडीत असताना मी पळवत नसतो," असं अप्पा सांगत आणि केदार आपल्या जन्माला दोष देई.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज रिक्षा करून शनिवार पेठेतून वाघोलीला येऊ लागले. त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमधून रोज ये-जा करायला एक तर नोकरी लागते, नाहीतर धास्ती. अप्पांना नोकरी नव्हती. "देखरेख करतो," म्हणून ते स्टुलावर बसले.

"रामटेके, हा पाना तुम्ही विकत घेतलात की उत्खननात सापडला?"

"अप्पा, चहा घ्या. तेवढा वेळ तोंड कामात राहते."

दोघांचं छान जमलं. पुण्यात यालाच जमणं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी बॉक्स उघडला. रिव्हर्सच्या गिअरचे दात उंदरानं कुरतडावेत तसे झाले होते, कारण पेठेतल्या बोळातून गाडी रोज उलटीच बाहेर काढावी लागे. पहिल्याचीही तीच गत. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग आतून पार गुळगुळीत झाली होती. ही रिंग गिअर पडताना दोन फिरत्या भागांचा वेग जुळवून देते, म्हणून जो गिअर जास्त वापरला त्याची रिंग आधी जाते. तिसऱ्याची अर्धी झिजली होती. मग रामटेक्यांनी चौथ्याची, म्हणजे सगळ्यात वेगाच्या गिअरची, रिंग हातात घेतली आणि आतल्या बारीक आट्यांवरून नख फिरवलं. नख अडकलं. रिंग कोरी होती. छप्पन्न वर्षांत तिला कुणी त्रास दिला नव्हता.

मागं वळून पाहतात तर अप्पा स्टूल सोडून पाठीशी उभे.

"दिसलं?" अप्पांनी विचारलं.

"चौथा कधी पडलाच नाही."

"हळू बोला." शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं, तरी अप्पांनी रस्त्याकडे पाहून घेतलं.

मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, एकदाही टोमणा न मारता, यावरूनच रामटेक्यांना प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. त्या दिवशी कामशेतच्या अलीकडे अप्पांनी चौथा टाकायला हात नेला आणि त्यांना भीती वाटली. साधी, सरळ भीती. गाडी बाजूला घेतली, शेजारी बसलेल्या बायकोनं, मुक्तानं, थर्मासमधला चहा दिला, दोघांनी डबा खाल्ला आणि तिसऱ्यावरच सहा तासांत दादर गाठलं. तिथं मुक्ताच्या भावानं खिडकीतूनच विचारलं, "काय पाव्हणं, किती वेळ लागला?" त्यानं आधीच चार लोक जमवून ठेवले होते. अप्पांचं तोंड उघडायच्या आत मुक्ता म्हणाली, "दोन तास पाच मिनिटं."

"माझी लाज राखायला बोलली हो ती. आणि मग मला छप्पन्न वर्षं तेच सांगत बसावं लागलं. मी गोष्ट सांगायला लागलो की ती पदर तोंडाला लावून आत निघून जायची. गेल्या दिवाळीत ती गेली. आता खरं सांगू? खरं सांगितलं तर खोटी कोण ठरते? ती." अप्पांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "मला तिची फार आठवण येते, रामटेके."

रामटेक्यांना काय बोलावं सुचेना आणि न सुचल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. तत्त्व सांगितलं. "मी खोटी चिठ्ठी लिहीत नाही."

"लिहा म्हणालो का मी?" अप्पा उठले. चहा यायच्या आतच निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. कामात व्यत्यय उरला नाही, त्यामुळे रामटेक्यांचं कामात लक्ष लागेना.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना रामटेके चौथ्या शीलापाशी अडखळले. ते खोटं न बोलण्याचं. शेजारची बाई वळून बघायला लागली, तेव्हा पाचवं त्यांनी जरा मोठ्यानंच म्हटलं. दारू ते पीतच नव्हते, तिथं काही अडचण नव्हती.

तोडगा त्यांना सोमवारी सापडला, आणि तो इतका सोपा होता की स्वतःचाच राग आला. चौथ्याची रिंग चांगली आहे. चांगला पार्ट रामटेके बदलत नाहीत. जो पार्ट बदलला नाही तो जुना नाही, आणि जुना नाही त्याला चिठ्ठी नाही. रिंग तेलात बुडवून त्यांनी परत बॉक्समध्ये बसवली. बाकीच्या पार्टांना चिठ्ठ्या बांधल्या, सगळ्या खऱ्या. रिव्हर्सला लिहिलं, 'बोळ अरुंद असल्यामुळे.'

पण केदारनं विलायतेहून पूर्ण संच मागवला होता, आणि आयटीतली माणसं गाडी चालवत नसली तरी यादी ताडून बघतात.

"काका, एक रिंग उरली. चौथ्याची जुनी कुठाय?"

"आत आहे. चांगली होती."

"छप्पन्न वर्षांनी? चांगली?"

रामटेक्यांनी हात पुसायला घेतले आणि ते स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. "चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट सरळ जोडला जातो. दातांवर जोर येत नाही. ते झिजत नाहीत." यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त विचारलं होतं रिंगेबद्दल आणि उत्तर होतं दातांबद्दल. "आणि अप्पांनी गाडी फार जपून चालवली."

केदारचा ऊर भरून आला. "म्हणजे त्या स्पीडला जाऊनही एक ओरखडा नाही? हे भाषणात टाकतो!" त्यानं तिथल्या तिथं फोनमध्ये लिहून घेतलं. खोटं टाळायला रामटेक्यांनी खरं सांगितलं, आणि खोट्याला बाळसं आलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सहाला, केदार अप्पांना घेऊन आला. "अप्पा, पहिली चक्कर तुम्हीच मारायची!" अप्पांनी नको-नको म्हटलं, पण वाटेतच केदारनं 'भाषणातला' मजकूर त्यांना वाचून दाखवला होता, त्यामुळे नको म्हणायला जागा राहिली नव्हती. लायसन्सचा विषय कुणी काढला नाही. शेजारी रामटेके बसले. केदार शेडपाशीच उभा राहून व्हिडिओ काढत राहिला.

लोणीकंद मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. अप्पांनी तिसरा टाकला. नव्या रिंगेवरून तो अलगद पडला. गाडी वेग घेऊ लागली, बॉक्स गुणगुणू लागला आणि अप्पांचा डावा हात दांड्यावर तसाच राहिला.

"जपून चालवली म्हणालात," अप्पा समोर बघत म्हणाले.

"खरं तेच बोललो."

"फार वाईट खरं बोलता तुम्ही."

"परत फिरायचं?" रामटेक्यांनी विचारलं. यात टोमणा नव्हता.

अप्पांनी दांड्याकडे एकदा पाहिलं. मग लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नुसता मागं ओढायचा ना?"

"क्लच दाबा." रामटेक्यांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. "ओढा."

चौथा पडला. गुणगुण थांबली. शाफ्ट सरळ जुळला की बॉक्सला बोलायला काही उरत नाही. वारा तेवढा कानाशी राहिला.

"अगं, एवढं शांत असतं हे..." म्हणत अप्पा डावीकडे वळले. डावीकडे रामटेके बसले होते.

अप्पांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या सांगून टाकतो. माणसानं आयुष्यात पहिला चौथा कालच टाकलाय, शाल द्यायची तर त्याची द्या म्हणतो. फक्त दादरला ती वेळ मी सांगितली, असं सांगणार. मुक्ताचं नाव घेणार नाही."

"म्हणजे पुन्हा खोटंच."

"हो," अप्पा म्हणाले. "पण हे माझं मी बोलेन."

रामटेक्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोरून डंपर येत होता.

"बोला," ते म्हणाले. "आधी समोर बघा."