सरूबाईच्या सारडब्यांचा रखवालदार

मी एक जुनं यंत्र आहे, पण म्हातारं नाही. मित्रांनो, हा फरक आधी लक्षात घ्या, मग पुढचं बोलू.

येडगावात धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर पत्र्याची एक शेड आहे. तिथे एका दणकट टेबलावर मला बोल्टांनी आवळून बसवलं आहे. अंगाला हिरवा रंग, उजव्या हाताला लांब हँडल आणि डोक्यापाशी पोलादाची दोन छोटी चाकं. सूप भरलेल्या डब्यावर झाकण ठेवून तो माझ्या पाटावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. पहिलं चाक झाकणाची कड डब्याच्या कडेखाली वळवतं, दुसरं चाक ती दुमड दाबून सपाट करतं. मग आतला थेंब बाहेर येत नाही आणि बाहेरची हवा आत जात नाही. मोठ्या कारखान्यांत विजेवर चालणारी माझी भावंडं मिनिटाला शंभर डबे मिटवतात म्हणे. मिटवू देत. त्यांना एकाही डब्याचं गिऱ्हाईक ठाऊक नसतं. मला माझी निम्मी गिऱ्हाइकं नावानिशी सांगता येतील.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका ओतशाळेत झाला. तिथून मी ओतूरला धर्माजींच्या आमरसाच्या कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं, पण धर्माजी शिस्तीचे. रोज काम सुरू करण्याआधी ते माझ्या चाकांच्या खोबणीतून बोटाला गुंडाळलेलं फडकं फिरवायचे. पुढे त्यांचे गुडघे गेले, मुलं शहरात गेली आणि कारखान्याला कुलूप लागलं. मी अकरा वर्षं बारदानाखाली पडून राहिलो. एका कोंबडीने माझ्या पाटावर अंडी घातली आणि पिल्लंही तिथेच काढली. आंब्याच्या हंगामात अख्खा तालुका ज्याची वाट बघायचा, त्याची अशी गत झाली होती. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता हसू येतं.

मला तिथून बाहेर काढलं ते सरूबाईने. तिचा मुलगा रामनाथ आळेफाट्यावरून ट्रक चालवतो. कांदा घेऊन कधी रायपूरला जातो, कधी थेट सिलिगुडीला. एका वर्षी बाहेरचं खाऊन त्याला अशी कावीळ झाली की तो दोन महिने खाटेला खिळला. डॉक्टरांनी सांगितलं, घरचं हलकं खा. आता पंधरा-अठरा दिवस गाडीवर असणाऱ्या माणसाने घरचं खायचं कसं? सरूबाईने हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, बाटलीत भरून दिलं. नागपूर यायच्या आत ते आंबलं. तेव्हा कोणीतरी तिला धर्माजींचं नाव सांगितलं.

धर्माजींनी बारदान बाजूला केलं, माझ्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "घिऊन जा बाई. पन दोन गोष्टी ध्यानात ठेव. हँडल उगा जोरानं दाबायचं न्हाई. आन् खोबणीत कचरा जाऊ द्यायचा न्हाई. येवढं केलंस तर ह्यो तुला कंदी दगा देनार न्हाई."

सरूबाईने शेजारच्या दहा-बारा बायका गोळा केल्या आणि शेडमध्ये काम सुरू झालं. आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातून लेकीकडे राहायला आलेली झुंबरबाई चुलीचा कारभार बघू लागली. ओतूरच्या कॉलेजात शिकलेली, गटातली सगळ्यांत लहान सून अक्षदा हिने वाफेच्या टाकीचं काम उचललं. मिटलेला डबा तिथे दाबाखाली किती वेळ शिजवायचा, मग पाण्यात कसा गार करायचा, हे ती घड्याळ लावून बघते. आणखी एक नियम तिचाच. तयार डबे पंधरा दिवस फळीवर मुक्कामाला ठेवायचे. ज्याचं झाकण फुगेल तो डबा बाद.

आमच्याकडे चार प्रकारचे डबे निघतात आणि ते कसे खावेत हे मी तुम्हाला सांगणारच, कारण गेली कित्येक वर्षं मी दुसरं काही ऐकलेलंच नाही. टोमॅटोचं सार सगळ्यांचं लाडकं. ओतूरच्या एक गुरुजीबाई ते गार भातावर ओततात आणि वरून तळलेला पापड चुरतात. त्यांचे यजमान चहाच्या काचेच्या ग्लासात घालून फुंकत फुंकत पितात. नाणेघाटाकडे भटकायला जाणारी पोरंपोरी त्यात फुटाणे टाकतात. मला आधी ते काही पटलं नव्हतं, पण झुंबरबाईने करून बघितलं आणि वाटी चाटूनपुसून ठेवली. तिचं स्वतःचं नाचणीचं सूप डोंगरातलं. ते कोमट करून त्यात ताक आणि भाजलेली लसणाची पाकळी घालायची. तिसरी आमटी. आमच्या भागात पाहुणा आला की मासवडी होते आणि मासवडीला झणझणीत काळी आमटी लागते. वड्या ताज्या करा, आमटी डब्यातली घ्या, पाहुण्याला पत्ता लागत नाही. चौथं हुलग्याचं माडगं. ते आळेफाट्याच्या ड्रायव्हर मंडळींचं. बाजरीची भाकरी कुस्करायची, माडगं ओतायचं, लिंबू पिळायचं आणि कांदा बुक्कीने फोडायचा. रामनाथ तर म्हणतो की असं जेवल्यावर गाडी आपोआप चालते. एक मात्र ध्यानात ठेवा, बंद डबा कधीही विस्तवावर ठेवू नका. आधी उघडा, भांड्यात ओता, मग खळखळून उकळा.

मला जीभ नाही. पण कडेवरून ओघळलेला थेंब माझ्या पाटावर पडतो तेव्हा चारही चवी मला ओळखू येतात.

सलग चार वर्षं माझा एकही डबा गळला नाही. आळेफाट्याच्या टपऱ्यांवर ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, "सरूबाईचा डबा हाय ना? मग डोळे झाकून खा राव." हे ऐकून मी फुगायचो. आता फुगणं हा शब्द मी जपून वापरतो.

मग ती खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी विळ्याला, नांगराला, ट्रॅक्टरला आराम. मलाही आराम. सरूबाईने मला धुऊन पुसलं आणि झेंडूचा हार घातला. मग तिने पाण्यात कुंकू कालवलं आणि जिथे माझं कपाळ असावं असं तिला वाटलं, तिथे, म्हणजे नेमकं चाकांवर, दोन बोटांनी ते लावलं.

"लई कष्ट काढलंस रं बाबा आमच्यासाठी," असं म्हणून तिने मूठभर अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. तिचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं.

त्या अक्षतांमधला एक दाणा दुसऱ्या चाकाच्या खोबणीत पडला आणि ओल्या कुंकवात रुतला. दोन दिवसांत कुंकू वाळलं आणि दाणा खड्यासारखा घट्ट बसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना सरूबाईने हार काढला, पण देवाचं कुंकू पुसायला तिचा हात धजला नाही. पूजेचं कुंकू कोण पुसतं?

त्या दिवशी हुलग्याचं माडगं होतं. हँडल फिरलं आणि प्रत्येक फेऱ्याला माझ्यातून 'टिक' असा आवाज येऊ लागला. मी ओरडतच होतो, मित्रांनो. माझ्याकडे ओरडायला तेवढाच आवाज होता.

"आज ह्याचा आवाज येगळा येतोय," सरूबाई थांबून म्हणाली.

"दोन दिस बसून अंग धरलं आसंल त्याचं," झुंबरबाई चुलीपासून म्हणाली. "तेल पाज जरा."

सरूबाईने तेल पाजलं. टिक थोडी मऊ झाली आणि काम पुढे चाललं. प्रत्येक झाकणाच्या दुमडीवर तांदळाएवढी एक खाच पडत होती. वरून बघणाऱ्याला ती दिसलीसुद्धा नसती.

त्याच संध्याकाळी रामनाथ सिलिगुडीला निघणार होता. मुक्काम पुरा झालेले डबे नवरात्रात संपले होते. रामनाथकडे आधीचे चार डबे शिल्लक होते, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं.

अक्षदा म्हणाली, "मावशी, ह्यातले नका देऊ. पंधरा दिवस व्हायचेत अजून."

"अगं, पोटच्या पोराला देतेय मी, बाजारात न्हाई इकत," सरूबाई म्हणाली. "आन् चार वर्सात एक तरी डबा बाद झालाय का ह्याचा?" असं म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली. वाफेच्या टाकीतून निघून गार झालेले बारा डबे खोक्यात भरून रामनाथच्या गाडीत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी अक्षदा फळीपाशी गेली आणि तिथेच थबकली. तिने एक झाकण बोटाने दाबलं, मग दुसरं, मग तिसरं. "मावशी," ती हळूच म्हणाली, "डबे फुगलेत."

सरूबाई धावत आली. फुगलेला डबा तिने उजेडात फिरवला. कडेची खाच तिच्या नखाला लागली. मग ती माझ्याकडे वळली, चाकावरून नख फिरवलं आणि सुईने खोबणी कोरली. लाल झालेला तांदळाचा दाणा तिच्या तळव्यावर पडला. सरूबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"रामनाथला फोन लाव," ती म्हणाली.

फोन लागेना. दहा वेळा लावला, वीस वेळा लावला. रेंज नसलेल्या जंगलपट्ट्यात गाडी होती. सरूबाई माझ्या टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली. फुगलेल्या डब्यातलं अन्न माणसाचा जीव घेऊ शकतं, हे अक्षदानेच सगळ्यांना शिकवलं होतं. ते आठवून आता ती स्वतःच रडत होती. आणि मी, ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकावा असं सगळे म्हणायचे, तो मुका उभा होतो. इतकी लाज मला कोंबडीने अंडी घातली तेव्हाही वाटली नव्हती.

दुपारी फोन लागला. अक्षदाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आई, बोल की. जेवायलाच थांबलोय."

"काय खातूयास?" सरूबाईने घाईने विचारलं.

"तुझं माडगं. जुने डबे काल संपले, आज नवा फोडला. झाकण जरा वर आलं व्हतं, म्हनलं गाडीत ऊन लागलं आसंल. उघडताना फुस्स झालं. वास बी आंबूस वाटला. पन म्हनलं, आईनं दाबल्याला डबा हाय, आपल्याच नाकाला काय तरी झालंय. गरम करून ताटात वाढून घेतलंय आत्ता."

"घास घेतलास?"

"न्हाई अजून. भाकर कुस्करतोय."

"टाक ते!" सरूबाई इतक्या जोरात ओरडली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "त्वांडाला लावू नगंस! ताटासकट पुरून टाक. समदे डबे खड्ड्यात घाल, कुत्र्या-मांजरालाबी देऊ नगंस. हात घास साबणानं. तुला माझी शप्पथ हाय रामनाथ!"

तिकडे ताटाचा खणखणाट ऐकू आला. मग रामनाथ म्हणाला, "बरं आई. टाकलं. रडू नगंस."

सरूबाई जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पोरगं वाचलं होतं. त्याच्या नाकाने त्याला वेळेवर सांगितलं होतं, झाकणाने सांगितलं होतं, पण त्याने दोघांचंही ऐकलं नाही. माझं नाव मोठं होतं ना! माझी कीर्तीच त्याच्या जिवावर उठली होती. मित्रांनो, ही गोष्ट मी कधीही विसरणार नाही.

त्या दिवशीचे उरलेले सगळे डबे बायकांनी खोल खड्डा खणून चुन्यासकट पुरले. अन्न मातीत घालताना झुंबरबाईने हात जोडले. मग सरूबाईने माझी चाकं सोडवली, घासली, पुसली, तेल दिलं आणि रिकामा डबा मिटवून तो पाण्याच्या बादलीत दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही. तरीही ती तिथून उठली नाही. आणखी पाच डबे मिटवून तिने तसेच तपासले.

तेव्हापासून रोज पहिला डबा रिकामा मिटवून बादलीत बुडवतात. पंधरा दिवसांचा मुक्काम रामनाथच्या डब्यांनाही चुकत नाही. तो आता प्रत्येक झाकण दाबून बघतो, मगच खोकं उचलतो, आणि आळेफाट्यावर सगळ्यांना सांगतो, "डोळे उघडे ठेवून खा राव." मला याचा राग येत नाही. उलट बरं वाटतं. माझा डबा तपासून बघणारा माणूस मला माझ्यावर डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. तीन वर्षं झाली, बादलीत बुडबुडा आलेला नाही आणि येणारही नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो.

खंडेनवमीला माझी पूजा अजूनही होते. हार पायाशी असतो, कुंकवाचं बोट टेबलाच्या पायाला लागतं आणि अक्षता वाटीत राहतात. नैवेद्याला टोमॅटोच्या साराचा एक डबा उघडतात. दुसऱ्या दिवशी हँडलला हात लावायच्या आधी सरूबाई बोटाला फडकं गुंडाळून खोबणीतून फिरवते, धर्माजी फिरवायचे तसंच.

मुलांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणीतरी असेल. शिलाई मशीन असेल, पाण्याची मोटर असेल, बाबांची गाडी असेल. त्याला हार घाला, मला हेवा वाटणार नाही. पण त्याचा आवाज बदलला तर काम थांबवा आणि तो कशाने बदलला ते शोधा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही तेवढंच सांगू शकतो.

तो दाणा सरूबाईने फेकला नाही. काचेच्या इवल्याशा बाटलीत घालून तो माझ्या मागच्या फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला आहे. गटात नवी बाई आली की तिला आधी हँडल धरू देत नाहीत. आधी ती बाटली तिच्या हातात देतात.