दोनदा लागलेली तांबडी

"चाळीस फुटांवर तांबडी माती, आणि साठ फुटांवर पुन्हा तीच? चिंतू, कांड्या उलटसुलट लावल्यास तू!" साहेबांचा आवाज चढला.

मासवणजवळच्या ओहोळावर बंधारा व्हायचा होता, त्याआधी साहेब खालची जमीन तपासत होते. जमिनीला भोक पाडणाऱ्या यंत्रातून दगडमातीच्या गोल कांड्या निघत. त्या निघतील तशा पेटीत मांडायचं काम चिंतूचं. माणूस अक्षरशत्रू, पण क्रम चुकेल तर शपथ. काळा दगड, तांबडी, काळा दगड, आणि खाली पुन्हा तांबडी. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बोल, चुकलास ना?"

मोठ्या माणसाचा शब्द खोडायची पाड्यावर रीत नव्हती. चिंतूने मान खाली घातली. "चुकलं असंल, साहेब."

साहेबांनी खालची तांबडी पेटीतून काढून फेकली आणि कागदावर सही ठोकली.

बंधारा झाला, नारळ फुटला. पाणी मात्र दिवाळीपर्यंतही टिकेना, तळातूनच निघून जाई. लोकांनी नशिबाला बोल लावला. चिंतूची बायको कमळी पंधरा वर्षं नदीवरून हंडे वाहत राहिली.

एक्याण्णव साली गळती तपासायला भूगर्भतज्ज्ञ मंदाबाई आल्या. पुन्हा भोक, पुन्हा चिंतू, आणि पुन्हा तांबडी दोनदा. त्याने आधीच हात जोडले. "बाई, मी बराबर लावल्यात, पण..."

"बरोबरच आहेत, चिंतूभाऊ." बाईंनी दोन्ही हात समोरासमोर रेटले, एक दुसऱ्यावर चढला. "दोन्हीकडून दाब आला की खडक असा तुटतो, एक बाजू दुसरीवर चढते. म्हणून तोच थर दोनदा लागतो. त्या भेगेतूनच पाणी पळतंय. तेव्हा कळलं असतं, तर बंधारा थोडा वर, पक्क्या खडकावर बांधता आला असता."

आपण खरे ठरलो याचा चिंतूला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी कमळी नदीवर निघायला चुंबळ वळत होती. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मी बराबर होतो, कमळे."

"मंग तवा का नाय बोलला?"

त्याने हंड्याला हात घातला. "दे, आज मी जातो."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. रागाने नाही, थकून. "मला वाट पाठ हाय."

हंडा डोक्यावर घेऊन ती कोरड्या बंधाऱ्यावरून पलीकडे उतरली. चिंतू दारातच उभा राहिला.